कोणत्या देशासाठी शिकायचं?

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वळीवडे नावाचं गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात या गावाजवळ पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची वसाहत होती. त्यात बहुतेक बायका आणि मुलं. १९४० मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधल्या या कुटुंबांना घरांतून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. हिटलरने रशियावर चढाई केल्यावर १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ती हिंदुस्थानात पोचली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश अनाथ मुलांना आसरा दिला, ही गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वळीवडेची वसाहत बालाचडीपेक्षा कितीतरी मोठी होती. तिथे बराकींच्या रांगा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता आणि लहान मुलांच्या वर्गांपासून माध्यमिकपर्यंतच्या शाळा होत्या. शिक्षक पोलिश, भाषा पोलिश, अभ्यासक्रमही पोलंडचा. उपासमार आणि आईबापांचे मृत्यू पाहून आलेली मुलं कोल्हापूरच्या उन्हात आपल्या देशाचा इतिहास-भूगोल शिकत होती, परीक्षा देत होती.

या सगळ्याचा खर्च आणि देखभाल लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार करत होतं. युद्ध संपलं की मायदेशी परतायचं, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या गावांतून ही माणसं हाकलली गेली होती, ती नव्या सीमारेषेनुसार सोव्हिएत संघात गेली. पुढे वसाहत हलली तेव्हा बरीच कुटुंबं ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशी पांगली. ज्या देशासाठी मुलं शिकली, तो देश त्या रूपात उरलाच नव्हता.

ते शिक्षण वाया गेलं असं कोणी म्हणू नये. रोज सकाळी उठून जायला एक जागा असणं, आपल्या वयाच्या मुलांसोबत आपल्या भाषेत शिकणं, याने त्या मुलांना किती सावरलं असेल याचा हिशेब मांडता येत नाही. पण वळीवडेच्या निमित्ताने एक प्रश्न लख्ख दिसतो. निर्वासितांच्या प्रत्येक शाळेला तो पहिल्या दिवशीच सोडवावा लागतो आणि आपल्या गावातल्या शाळेला तो कधी पडतच नाही: अभ्यासक्रम कोणत्या देशाचा? मुलं मागे टाकून आलेल्या देशाचा, की आज जिथे राहतात त्या देशाचा? या उत्तरात त्या मुलाचं पुढचं आयुष्य कुठे जाणार याचा अंदाज दडलेला असतो. तो अंदाज मूल करत नाही, सरकारं करतात. आणि तो वारंवार चुकतो.

कागदावर हक्क भक्कम आहे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं २२ वं कलम सांगतं की प्राथमिक शिक्षणात निर्वासितांना देशाच्या नागरिकांसारखीच वागणूक मिळाली पाहिजे. १९८९ च्या बालहक्क संहितेच्या २८ व्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण सर्वांसाठी सक्तीचं आणि मोफत हवं, आणि २२ वं कलम निर्वासित मुलांना खास संरक्षण देतं. प्रत्यक्ष चित्र वेगळं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या २०२३ च्या शिक्षण अहवालानुसार जगात शाळकरी वयाची जवळपास दीड कोटी निर्वासित मुलं होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक शाळेबाहेर होती. प्राथमिक वर्गांत पटनोंदणी साधारण ६५ टक्के होती, माध्यमिकला ती चाळिशीवर येत होती आणि महाविद्यालयात सात टक्क्यांच्या आसपास उरत होती. वरच्या वर्गांकडे जाताना मुलं अशी गळत जातात त्याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं मोठं कारण या अभ्यासक्रमाच्या प्रश्नापाशीच सापडतं. पहिली-दुसरी कुठल्याही भाषेत, कुठल्याही मांडवाखाली शिकवता येते. दहावीला मात्र मंडळ लागतं, परीक्षा लागते, सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र लागतं. ते देणारा देश लागतो.

तो देश व्हायला कुणीच तयार नसतं तेव्हा काय होतं, हे बांगलादेशातल्या कॉक्स बाजार जिल्ह्यात दिसतं. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या काही महिन्यांत सीमा ओलांडून आले. १९८२ च्या कायद्याने म्यानमारने त्यांचं नागरिकत्व जवळपास नाकारलेलंच होतं. २०१२ च्या हिंसाचारानंतर सित्वे विद्यापीठाचे दरवाजेही त्यांना बंद झाले होते. म्हणजे शाळेचा प्रश्न बांगलादेशात सुरू झाला नाही, तो सोबतच आला.

बांगलादेशच्या बाजूनेही पाहिलं पाहिजे. उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत बघता बघता स्थानिकांपेक्षा निर्वासितांची संख्या जास्त झाली. डोंगर उघडे पडले, मजुरीचे दर पडले. एवढ्या माणसांना आत घेतलं, हेच त्या देशाचं मोठेपण. पण आत घेताना सरकारने एक धोरण घट्ट धरलं: ही माणसं परत जाणार आहेत. त्यामुळे छावणीत पक्कं बांधकाम नको, बांगला भाषेत शिकवणं नको, बांगलादेशचा अभ्यासक्रम नको.

मग उभी राहिली बांबू आणि ताडपत्रीची शिक्षण केंद्रं. एकच खोली, खाली चटई, भिंतीच्या बांबूंना टांगलेले अक्षरांचे तक्ते. एका वर्गात पस्तीस-चाळीस मुलं. दिवसाला दोन-तीन पाळ्या, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला दोन-अडीच तास. वर्गावर दोघं शिक्षक: इंग्रजी आणि गणितासाठी स्थानिक बांगलादेशी, बर्मी भाषेसाठी छावणीतलाच एखादा रोहिंग्या तरुण, ज्याला पगाराऐवजी स्वयंसेवकाचं मानधन मिळतं. पावसाळ्यात उतार घसरतात, वाटा चिखलाने भरतात. २२ मार्च २०२१ च्या आगीत हजारो झोपड्यांबरोबर अशी कितीतरी केंद्रं जळाली. बांबूची खोली पुन्हा उभी राहते, पण सुटलेले महिने परत मिळत नाहीत.

इथे भाषेचा पेच बघा. ही मुलं घरी रोहिंग्या बोलतात. ती चितगावच्या बोलीला इतकी जवळची आहे की बाजारात दोघांचं सहज जमतं. म्हणजे जिथली बोली कानाला सर्वांत जवळची, तिथल्या शाळेत जायला मनाई. आणि जी बर्मी घरात कोणी बोलत नाही, ती शिकायची. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ अन्याय वाटतो. पण रोहिंग्या पालकांना विचारलं तर त्यांच्यातले कितीतरी जण म्हणतात, आम्हाला म्यानमारचाच अभ्यासक्रम हवा. आम्ही तिथले आहोत हे सिद्ध करायला आमच्याकडे दुसरं आहे काय? सरकारला तो अभ्यासक्रम हवा होता कारण ही माणसं जावीत. पालकांना हवा होता कारण आपलं गाव आपलंच राहावं. मागणी एक, तिच्यामागची मनं मात्र अगदी वेगळी.

सुरुवातीची दोन-अडीच वर्षं जे शिकवलं गेलं ते अनौपचारिकच होतं. त्यात नेमकी इयत्ता नव्हती. म्यानमारचा अभ्यासक्रम शिकवायला सरकारने जानेवारी २०२० मध्ये परवानगी दिली. मग कोविड आला आणि केंद्रं दीर्घकाळ बंद राहिली. सहावी ते नववीच्या दहा हजार मुलांसाठी तो प्रायोगिक स्वरूपात सुरू व्हायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. पुढे तो इतर वर्गांनाही लागू झाला. २०१७ मध्ये सहा वर्षांचं असलेलं मूल तोवर दहा वर्षांचं झालं होतं. पण शेवटचा प्रश्न तसाच उरला. हा अभ्यासक्रम पुरा केल्याचं प्रमाणपत्र म्यानमार मान्य करत नाही आणि बांगलादेशही करत नाही. मूल शिकतं, पण शिकल्याची नोंद जगातल्या कोणत्याही कार्यालयात चालत नाही.

त्याआधी, २०१९ च्या सुरुवातीला, स्थानिक माध्यमिक शाळांत गुपचूप शिकणाऱ्या रोहिंग्या विद्यार्थ्यांना शोधून काढून टाकण्यात आलं होतं. त्यांत वर्गात पहिले येणारेही होते. डिसेंबर २०२१ मध्ये रोहिंग्या शिक्षकांनी स्वतः चालवलेल्या खासगी शाळांवरही बंदी आली. मला यातली सर्वांत वाईट गोष्ट हीच वाटते. ज्यांच्याकडे काहीही नाही त्यांनी थोडीथोडकी फी गोळा करून आपल्या पोरांसाठी वर्ग उभे केले, आणि ते वर्ग परवानगी नाही म्हणून बंद पडले. निर्वासितांना शिक्षणाची ओढ नसते असं समजणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

मुलींचं निराळंच आहे. बारा-तेरा वर्षांची झाली की मुलगी केंद्रात यायची थांबते. घरच्यांना मुलगे-मुली एकत्र बसलेले चालत नाहीत, वाटेवर भीती वाटते, शिक्षक पुरुष असतात आणि छावणीतल्या असुरक्षिततेत लवकर लग्न हाच बंदोबस्त समजला जातो. जिथे फक्त मुलींचे वर्ग आणि शिक्षिका आल्या, सोबत नेणारी बाई ठरवली, तिथे काही मुली परतल्या. उपाय असे साधेच असतात, पण त्यांना पैसा लागतो. २०२५ च्या मध्यात तोच आटला. देणगीदार देशांनी हात आखडता घेतला, युनिसेफला हजाराहून अधिक बांगलादेशी शिक्षकांचे करार थांबवावे लागले आणि दोन लाखांहून अधिक मुलांचं शिक्षण अडलं. शाळकरी वयाची चार लाखांच्या वर मुलं तिथे आहेत, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे: हे तात्पुरतं आहे. पण जगातल्या दर तीन निर्वासितांपैकी जवळपास दोघं पाच वर्षांहून जास्त काळ लांबलेल्या, तोडगा दृष्टिपथात नसलेल्या परिस्थितीत परक्या मुलुखात राहत आहेत. पाच वर्षं म्हणजे मुलाची आख्खी प्राथमिक शाळा. मोठ्या माणसाला थांबता येतं, घर परत मिळेल म्हणून वाट पाहता येते. सात वर्षांचं मूल वाट पाहत सात वर्षांचं राहत नाही.

ज्या देशांनी ही समजूत सोडली तिथे गोष्टी बदलल्या. तुर्कस्तानात सुरुवातीला सीरियन मुलांसाठी वेगळी तात्पुरती केंद्रं होती, शिकवणं अरबीत. २०१४ च्या सुमारास शाळकरी वयाच्या सीरियन मुलांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा शाळेत होता. लढाई लवकर थांबत नाही हे दिसल्यावर २०१६ पासून सरकारने ती केंद्रं टप्प्याटप्प्याने मिटवून मुलांना तुर्की शाळांत आणलं. पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून अधिक मुलं पटावर आली. सगळं गोड झालं असं नाही. तुर्की येत नसलेली मुलं मागच्या बाकांवर गप्प बसली, चिडवली गेली, मोठी मुलं कारखान्यांत कामाला लागली ती लागलीच. युगांडाने २००६ च्या आपल्या निर्वासित कायद्यापासूनच दक्षिण सुदान आणि काँगोतून आलेल्या मुलांना स्थानिक शाळांत स्थान दिलं. तिथे एका वर्गात शंभरावर मुलं बसतात. पण ती युगांडाच्या मंडळाची परीक्षा देतात आणि त्या परीक्षेचा कागद खरा असतो.

आणि आपण? भारताने तिबेटींच्या बाबतीत हे फार आधी करून दाखवलं. १९५९ नंतर आलेले हजारो तिबेटी हिमालयातल्या रस्त्यांवर खडी फोडत होते, मुलं तिथेच धुळीत. मे १९६० मध्ये जम्मूतल्या अशा कामांवरून ५१ आजारी, अशक्त मुलं धरमशालेत आणली गेली. त्यांचा सांभाळ दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी केला, आणि त्यातून पुढे तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज उभं राहिलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मसुरीत पहिली निवासी शाळा निघाली होती. नेहरूंनी तिबेटी मुलांसाठी स्वतंत्र शाळा मान्य केल्या आणि १९६१ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था केली. अभ्यासक्रम आणि परीक्षा भारताच्या, सोबत तिबेटी भाषा आणि संस्कृती. परत जाण्याची आशा कोणी हिरावली नाही आणि इथे राहावं लागलं तर लागणारं प्रमाणपत्रही मुलांच्या हाती दिलं. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत त्याच व्यवस्थेचा भाग. वळीवडे आणि गोठणगाव अशी दोन्ही उदाहरणं महाराष्ट्राच्याच मातीत आहेत.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. तरी १९९२ मध्ये आपण बालहक्क संहिता स्वीकारली. राज्यघटनेचं कलम २१ अ सहा ते चौदा वयाच्या सर्व बालकांना शिक्षणाचा हक्क देतं, त्यात नागरिकत्वाची अट नाही. कलम २१ चं संरक्षण परदेशी माणसालाही मिळतं हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम ४ वयानुरूप प्रवेशाचं: दहा वर्षांचं मूल कधीच शाळेत गेलं नसलं तरी त्याला पहिलीत नाही, वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. कलम ५ नुसार शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश लांबवता येत नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून तो नाकारता येत नाही. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सांगितलं आहे.

तरी मूल शाळेच्या कार्यालयात अडतं. कारण कायदा ग्रंथालयात असतो आणि मुख्याध्यापकांसमोर असतो सरकारी पोर्टलवरचा आधारचा रकाना. महाराष्ट्रातल्या कोणत्याही मुख्याध्यापकांना विचारा. आधार वैध ठरलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर संचमान्यता ठरते, तिच्यावर शिक्षकांची पदं. आधार नसलेलं मूल वर्गात बसतं, पण पदांच्या गणितात दिसत नाही. अशा वेळी दारात आलेल्या मुलाला 'कागद घेऊन या' म्हणणारा माणूस दुष्ट असतोच असं नाही. त्याच्यावर वरून जो भार आहे तो त्याने खाली सरकवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित ओळखपत्र दाखवून आधार निघत नाही, त्यामुळे अशा निर्वासित मुलासाठी हा रकाना कायमचा रिकामा राहतो.

दिल्लीतल्या रोहिंग्या मुलांच्या बाबतीत हेच झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा आंतरराष्ट्रीय बाबींशी जोडलेला विषय आहे, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जा, असं सांगून त्यांच्या शाळाप्रवेशासाठीची याचिका निकाली काढली. सर्वोच्च न्यायालयापुढे विषय आला तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मुलांनी आधी सरकारी शाळांकडे प्रवेश मागावा आणि पात्र असूनही नाकारला गेला तर उच्च न्यायालयात जावं. दार उघडं राहिलं, हे खरं. पण कचरावेचक बापाने शाळेचा नकार घेऊन उच्च न्यायालय गाठायचं, तोवर मुलाचं शैक्षणिक वर्ष निघून गेलेलं असतं.

त्याच देशात, त्याच कायद्याखाली, मिझोरममध्ये काय झालं ते पाहा. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारच्या चिन प्रांतातून हजारो माणसं तिथे आली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर राज्याच्या शालेय शिक्षण संचालकांनी जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र पाठवलं: म्यानमारहून आलेल्या मुलांना शाळांत प्रवेश द्या. कशाच्या बळावर? शिक्षणहक्क कायद्याचं कलम ४. मिझो आणि चिन हे एकाच गोतातले, धर्म एक, भाषा जवळच्या, त्यामुळे लोकांनीही ते मनापासून स्वीकारलं. नातं असलेल्यांना आपलं म्हणणं सोपं असतं, हे मान्य. पण त्या पत्राला नात्याची गरज नव्हती. त्यात उद्धृत केलेला कायदा देशभर लागू आहे.

असं पत्र प्रत्येक राज्याच्या शिक्षण संचालनालयाने काढायला हवं, महाराष्ट्रानेही. त्यात चार ओळी पुरतील: ओळखपत्र कोणतंही असो वा नसो, मुलाचं नाव जनरल रजिस्टरला घ्या; वयाच्या वर्गात बसवा; आधार नसलेला विद्यार्थी संचमान्यतेत मोजला जाईल; दहावीच्या परीक्षा अर्जासाठी शाळेचा दाखला पुरेसा धरला जाईल. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण शिक्षणहक्क कायदा साधारण चौदाव्या वर्षी संपतो आणि नेमकं तिथूनच प्रमाणपत्राची गरज सुरू होते.